उन्हात जत, पावसात कोयना: जॅकेट कोणतं घ्यावं?

प्रश्न: कामासाठी मे महिन्यात सांगलीहून जत-आटपाडीला आणि जुलैत कोयनानगरला मोटारसायकलवरून जावं लागतं. आतून वॉटरप्रूफ लायनर (काढता-जोडता येणारं अस्तर) असलेलं एकच जॅकेट दोन्हीकडे चालेल, असं दुकानदार म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: नको. जाळीचं, म्हणजे मेश जॅकेट घ्या आणि पावसाला वरून घालायचा वेगळा रेनकोट. लायनर आत असला की अंग कोरडं राहतं, पण बाहेरचं कापड भिजून जड होतं आणि वाऱ्यानं गार पडून अंगातली ऊब ओढून घेतं. शिवाय सर आली की रस्त्याकडेला जॅकेट उतरवून लायनर जोडत बसायचं, तेही घामेजल्या अंगानं. रेनकोट पाटणलाच चढवून पुढं निघता येतं.

रेनकोट जॅकेट घालूनच मापून बघा, बहुधा एक-दोन नंबर मोठा लागतो. शिवणींवर आतून टेपची पट्टी आहे ना, हे बोटानं चाचपा, आणि पॅंटच्या बैठकीची शिवण सगळ्यात आधी. टाकीवरून ओघळलेलं पाणी मांडीत साचतं आणि तिथूनच आत शिरतं. पायाशी लांब चेन हवी, म्हणजे बूट न काढता पॅंट चढते. घोट्याशी वेल्क्रो घट्ट लावा. फडफडणारी कड तापलेल्या सायलेन्सरला टेकली की लगेच वितळते.

आता ऊन. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांहून गरम झाली की जाळीतून येणारा वाराच अंग तापवतो. गारवा मिळतो तो फक्त पाणी उडून जाताना. म्हणून जतच्या वाटेवर सुती टी-शर्ट भिजवून, पिळून आत घाला आणि जॅकेटची चेन लावूनच ठेवा. शर्ट वाळला की थांबा, पाणी प्या, पुन्हा भिजवा. कोयनेच्या दमट हवेत हे जमत नाही, तिथं ओला सुती शर्ट अंगाला चिकटून गारठवतो; तेव्हा पॉलिस्टरचा बरा.

पॅडकडे दुर्लक्ष नको. खांदा-कोपराच्या पॅडवर ‘ईएन १६२१-१’ आणि पाठीच्या पॅडवर ‘ईएन १६२१-२’ ही युरोपीय सुरक्षा मानकाची खूण छापलेली असावी. लेव्हल २ चा पॅड लेव्हल १ पेक्षा जास्त धक्का शोषतो. पुष्कळ जॅकेटांत पाठीला नुसता फोमचा तुकडा असतो, तो काढून खरा पॅड बसवा. दुकानात हँडल धरल्यासारखे हात पुढं करा आणि दुसऱ्या हातानं कोपराचा पॅड फिरवून बघा. सहज सरकला तर पडल्यावर तो कोपरावर राहणार नाही. एक नंबर लहान घ्या.

प्रश्न: यवतेश्वर घाटात वॉटरप्रूफ ग्लोव्हजमध्येही पाणी भरतं. काय चुकतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: मनगट कोपराच्या खाली असतं, त्यामुळे बाहीवरचं पाणी ओघळून थेट ग्लोव्हजच्या तोंडात जातं. ग्लोव्हजची कड रेनकोटच्या बाहीच्या आत सारा आणि बाहीचा वेल्क्रो त्यावर आवळा. रेनकोटही काळा नको, फ्लोरोसंट पिवळा घ्या. कासच्या धुक्यात समोरून येणाऱ्या गाडीला काळा दिसतच नाही.