मेलमध्ये 'पेसर' लिहू नका, 'गाईड' लिहा, आणि दुसरा गाईड आत्ताच शोधा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि नंतर झोपच लागली नाही, म्हणून पहाटे उठून लिहून राहिलो. "मित्राला आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार) आहे, अंधारात जवळपास काहीच दिसत नाही, डिसेंबरमध्ये सह्याद्रीतली ५० किमीची डोंगरातली रेस करायची आहे, मी त्याचा पेसर, हेडलॅम्प कोणता घेऊ आणि दोघांनी धरायची दोरी किती लांब ठेवू." अगदी हेच दोन प्रश्न घेऊन मी काही वर्षांपूर्वी नागपुरात फिरत होतो. माझ्याही मित्राला आरपी, आम्हीही फुटाळा तलावावर पळून पळून तयार झालेले, आणि मीही स्वतःला पेसरच म्हणत होतो. तुमच्या प्रश्नातला तो शब्द वाचला तेव्हाच पोटात गोळा आला.

५० किमीची तयारी, बूट, आठवड्याचे किलोमीटर वगैरे सांगत नाही, दोन फुल मॅरेथॉन केल्यात म्हणता तर ते तुम्हाला माहीत आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही, वकील नाही, मी एकाच माणसासोबत पळालो आहे. प्रत्येकाची आरपी वेगळी असते. माझ्या मित्राला समोरचं थोडंसं दिसतं, पण पपईच्या देठाच्या पोकळ नळीतून पाहिल्यासारखं, म्हणजे समोरचा डोंगर दिसेल पण स्वतःच्या पायाजवळचा दगड दिसणार नाही. तुमच्या मित्राचं कसं आहे ते त्यालाच विचारा.

आता मुख्य गोष्ट. आम्ही नाव नोंदवायच्या आधी आयोजकांच्या ऑफिसला मेल टाकला (कोणती रेस ते सांगणार नाही, विचारू नका), त्यात लिहिलं की दृष्टिबाधित मित्रासोबत मी पेसर म्हणून पळणार आणि २५ किमीनंतर मित्राचा साळा पेसर म्हणून माझी जागा घेणार. उत्तर आलं नाही. दोनदा फोन केला, दुसऱ्यांदा एक जण म्हणाला, "हो हो, चालेल, पेसर चालतो, या तुम्ही." एवढ्यावर आम्ही पैसे भरले, महाराष्ट्र एक्सप्रेसची तीन तिकिटं काढली. लेखी काहीच नाही. ही पहिली चूक आणि ती पूर्णपणे माझी.

गोष्ट अशी आहे की अल्ट्रामध्ये, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब रेसमध्ये, 'पेसर' या शब्दाला स्वतःचा अर्थ आहे. दमलेल्या धावपटूला शेवटच्या टप्प्यात सोबत करणारा ताज्या दमाचा माणूस, तो पेसर. दृष्टिबाधित धावपटूचे डोळे होऊन सोबत पळतो तो गाईड, तो वेगळा. अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्ससारख्या १०० मैलांच्या रेसमध्ये साधारण १०० किमीनंतर तो चालतो, आल्प्समधल्या यूटीएमबीत अजिबात चालत नाही, कारण ती बाहेरची मदत धरतात. आपल्याकडच्या बऱ्याच रेसच्या नियमातही 'पेसर नाही' ही ओळ तशीच येऊन बसलेली असते. म्हणजे मी ज्या शब्दाने परवानगी मागत होतो तोच शब्द त्यांच्या नियमात बंदीच्या यादीत होता. फोनवरच्या माणसाला नियम माहीत नव्हता आणि मैदानावरच्या माणसाला फोन माहीत नव्हता.

सकाळी स्टार्टला अडवलंच. नशिबाने मी स्वतःची वेगळी एन्ट्री भरली होती, माझा बिब (छातीवरचा नंबर) होता, म्हणून "तुम्ही तुमचे पळा, तो त्याचा पळेल, शेजारी असलात तर आम्हाला काय" अशा भाषेत सोडलं. अपमान गिळला. पण २५ किमीला, एका गावातल्या शाळेच्या पटांगणात, साळा पहाटेपासून बूट बांधून उभा होता. आम्ही धरून पळत होतो त्या ट्रेकिंग पोलचं एक टोक मित्राच्या हातात, दुसरं माझ्या, साळ्याने हात पुढे केला तर तिथल्या साहेबांनी मधोमध पोल धरला. "बिनबिबचा माणूस ट्रॅकवर जाणार नाही, पेसर अलाउड नाही, वाद घातला तर दोघांनाही बाद करीन." मी मोबाइलवर तो मेल दाखवला, त्यांनी वाचला आणि म्हणाले, यात तुम्हीच पेसर लिहिलंय. वीस मिनिटं गेली, कट-ऑफ, म्हणजे तो टप्पा ओलांडायची शेवटची वेळ, डोक्यावर. शेवटी साळा बाजूला झाला आणि मीच पुढे निघालो.

आता हे नीट वाचा, कारण हे कोणी सांगत नाही. गाईडचे पाय आधी जात नाहीत, आधी आवाज जातो आणि मग डोकं जातं. डोंगरातल्या पायवाटेवर दर दोन-तीन पावलांना एक शब्द बोलावा लागतो. आम्ही पहाटे पाचला निघालो होतो, म्हणजे पंचवीसाव्या किलोमीटरपर्यंत मी साडेचार तास सलग बोलत होतो, स्वतःची वाट बघत, त्याची बघत, त्याच्या डोक्याला लागेल अशी फांदी बघत. खाणं पिणं सगळं त्याला आठवणीने दिलं आणि माझी चिक्की बॅगेत तशीच होती. तोंड बोलण्यात गुंतलेलं असतं हो, गाईड खायचं विसरतोच. तिसाव्या किमीपासून माझा घसा बसला. सदतिसाव्या किमीला एका सोंडेवरून उतरताना, मुरमाचा घसारा होता, समोर गुडघाभर खाली उडी होती, ती मला स्पष्ट दिसली आणि तोंडातून शब्द गेला "उंच". म्हणायचं होतं "खोल". त्याने विश्वासाने पाय वर उचलला आणि खाली जमीनच नव्हती.

डाव्या मनगटाचं हाड मोडलं. तो बँकेत आहे, स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीन वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, कीबोर्ड हाच त्याचा डोळा, आणि पुढचे सहा आठवडे तो प्लास्टर घालून एका हाताने काम करत होता. मला तो एक शब्द अजून ऐकू येतो.

दवाखान्यातून परत येताना मी त्याला म्हटलं, मी तिसाव्या किमीलाच संपलो होतो, तुला सांगितलं नाही, तुझी रेस खराब होईल म्हणून. तो म्हणाला, "तुह्या आवाजावरूनच समजलं होतं मले. तू सांगशीन म्हून वाट पाहून राहिलो होतो." यावर मी काय बोलणार.

त्यानंतर आम्ही एक नियम केला, आता ट्रेनिंगमध्येही पाळतो. दर पाऊण तासाने थांबायचं, आधी गाईडने स्वतःचा आकडा मोठ्याने सांगायचा, दहापैकी किती शिल्लक, मग मित्राने. पाचच्या खाली कोणी आला की बसायचं, खायचं, दहा मिनिटं बोलणं बंद. घड्याळात अलार्म लावा, मनावर सोडू नका.

आणि दुसरा गाईड ही चैन नाही. पॅरा ॲथलेटिक्सच्या नियमात लांब अंतराच्या शर्यतींना दोन गाईड चालतात, मॅरेथॉनमध्ये ठरलेल्या टप्प्यावर गाईड बदलता येतो. सपाट डांबरी रस्त्यावरच्या ४२ किमीला जर ही सोय आहे तर डोंगरातल्या ५० ला का नको? २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त टी-१२ (दृष्टिबाधितांचा एक गट) मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती, रेषा अगदी दोन पावलांवर असताना गाईडच्या पायात गोळे आले, त्याला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली, म्हणून तिला बाद केलं आणि त्या दिवशी ब्राँझ हातचं गेलं. त्या निर्णयाबद्दल मला अजून वाईट वाटतं. पण बघा, मोडला कोण, तर गाईड. त्याच पॅरिसला आपल्या सिमरन शर्माने २०० मीटरला ब्राँझ घेतलं तेव्हा अभय सिंग दोरीच्या दुसऱ्या टोकाला होता. ही दोन नावं मेलमध्ये घाला, आयोजकाला गाईड म्हणजे काय हे एका ओळीत समजतं.

मेल असा लिहा की 'पेसर' शब्द कुठेही येणार नाही. "दृष्टिबाधित स्पर्धकासोबत गाईड रनर आवश्यक आहे, तो स्पर्धकाच्या एन्ट्रीचाच भाग आहे, वेळ नोंदवायची नाही, दोन गाईड असतील, अमुक किमीला बदल होईल, दोघांनाही गाईड लिहिलेला बिब द्यावा, सर्व एड स्टेशनच्या (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यांच्या) प्रमुखांना ही सूचना जावी." सोबत यूडीआयडी कार्डाची (सरकारी दिव्यांग ओळखपत्राची) कॉपी जोडा. लेखी 'हो' आल्याशिवाय एक रुपया भरू नका, आणि तो मेल छापून दोन प्रती काढा, एक तुमच्या खिशात, एक दुसऱ्या गाईडकडे, कारण डोंगरात नेटवर्क नसतं. फॉर्ममध्ये कधीकधी "मी कोणाच्याही मदतीशिवाय धावेन" अशा घोषणेवर टिक मागतात, ती मुकाट्याने करू नका, आधी विचारा, नंतर तीच तुमच्या तोंडावर मारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळासाठी ३० वं कलम आहे, पण ते सरकारला उद्देशून आहे, खासगी आयोजकाशी त्यावर भांडू नका, माझा तरी सल्ला तोच. जे नाही म्हणतील त्यांची रेस सोडा. सह्याद्री कुठे पळून जात नाही.

आता तुमचे प्रश्न. हेडलॅम्प कोणताही चांगला घ्या, पण मित्राचा लाइट डोक्याला नाही, कमरेला बांधा. डोक्यावरून उजेड पडला की दगडाची सावली दगडामागे लपते आणि सगळं सपाट दिसतं, कमरेवरून पडला की सावली लांब होते आणि उंचसखल कळतं. तुमच्या टाचांना मागून फ्लोरोसंट टेप लावा, नळीतून पाहणाऱ्याला तेवढं एक निशाण पुरतं. आणि हे लक्षात ठेवा, तिकडे सह्याद्रीत आपल्या नागपूरपेक्षा साधारण वीस मिनिटं उशिरा उजाडतं, डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास. म्हणजे पाचच्या स्टार्टला दोन तास अंधार, आमचा सगळा हिशोब नागपूरच्या उजेडावर होता. कडक उन्हातून झाडीत शिरलात की त्याच्या डोळ्यांना वेळ लागतो, तिथे मिनिटभर थांबा, मागचे ओरडले तरी.

दोरी फक्त रस्त्यावर, वीतभर पुरते. पायवाटेवर दोघं शेजारी मावतच नाही, तिथे एकच ट्रेकिंग पोल दोघांनी धरायचा, तुम्ही पुढे तो मागे, तुमचं टोक खाली गेलं की त्याला पायरी आधीच हातात कळते. मोकळ्या पठारावर पोलही नको वाटतो त्याला, तिथे मी बॅगेला घुंगरू बांधतो. तान्हा पोळ्याला पोरीच्या लाकडी बैलाच्या गळ्यात घातलेली माळ होती, तिनेच काढून दिली, अजून तीच वापरतो. आवाज कुठून येतो त्यावर तो वळतो आणि माझा घसा वाचतो, हे सगळ्यात मोठं. घुंगरू आधी असतं तर तो सदतिसावा किलोमीटर कदाचित वेगळा गेला असता, असं मला राहून राहून वाटतं.

शब्द ठरवताना "दगड" म्हणू नका, दगड आहे हे कळून त्याने करायचं काय? उंची सांगा, तीही अंगाच्या मापात, "घोटा", "नडगी", "गुडघा". फांदीला "वाक". दरी ज्या बाजूला आहे ती बाजू सांगू नका, ज्या बाजूला सरकायचं ती सांगा. आणि उंच-खोल ही जोडी आम्ही कायमची टाकून दिली, आता वर जायला "चढ" आणि खाली जायला "बस", कारण "बस" म्हटलं की अंग आपोआप खाली जातं, चुकून निघाला तरी माणूस पडत नाही. तुम्ही तुमचे शब्द ठरवा पण दमल्यावर ज्यांची अदलाबदल होईल असे दोन शब्द जोडीने ठेवू नका.

ट्रेनिंगला सेमिनरी हिल्स पुरणार नाही, चढ फारच लहान आहे, पण शब्द पाठ करायला तीच जागा बरी. उतारासाठी रामटेकचा गड, पायऱ्या आणि बाजूची दगडी वाट दोन्ही, पहाटेच जा, नंतर गर्दी आणि माकडं. जमलं तर एक शनिवार-रविवार चिखलदऱ्याला काढा. आणि हो, लोक म्हणतील, "कशाला नेता बिचाऱ्याला डोंगरात." आमच्या अपघातानंतर तर नातेवाइकांनी मला दारात उभं करून सुनावलं. मित्रानेच त्यांना सांगितलं की हा नेत नाही, मी जातो, हा सोबत येतो. तुम्हीही हे वाक्य दहा जणांसमोर त्यालाच बोलू द्या, त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका.

दुसरा गाईड नसेल तर मला सांगा. २५ किमीपर्यंतचा पहिला टप्पा तुम्ही घ्या, पुढचा मी घेतो, माझा मित्रही म्हणतो जा. पण आधी या रविवारी पहाटे पाचला दोघं सेमिनरी हिल्सला या. पोल आणि घुंगरू मी आणतो. तुम्ही एक जाडसर रुमाल आणा, पहिला तासभर पट्टी तुमच्या डोळ्यांवर राहील आणि तुम्हाला तुमचा मित्र आणि मी चालवू.