सांभाळणारी माणसं थकली तर?

मागच्या अंकात मी लिनक्स या खुल्या, मोफत ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. बहुतेकांना एकच घोर लागलेला दिसला: हे सगळं चालवतं कोण, आणि उद्या थांबलं तर आमचं काय? पुण्यातल्या एका कॉलेजची संगणक प्रयोगशाळा मी बावीस वर्षं सांभाळते आहे. संध्याकाळी घरचं आवरलं की डेबियन या लिनक्सवर बांधलेल्या, लोकांनी मिळून चालवलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी जमेल तेवढं मराठीचं काम करते. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून या वेळी थोडं सविस्तर.

प्रश्न : आमच्या शाळेत देणगीत आलेले १८ जुने संगणक आहेत. सहा वर्षं त्यांवर डेबियन विनातक्रार चालतंय. आता नवी आवृत्ती त्यांवर चढतच नाही. शाळा समितीतले एक जण म्हणाले, "फुकटच्या गोष्टीला वाली नसतो." हे खरंच बंद पडणार आहे का? — संगणक शिक्षिका, हडपसर

बाई, आधी कामाचं सांगते. तुमच्याकडे बहुधा ३२ बिटचं, म्हणजे जुन्या धर्तीच्या प्रोसेसरसाठीचं डेबियन आहे; नवे प्रोसेसर ६४ बिटचे असतात. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या 'ट्रिक्सी' या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) देणं थांबलं आहे. पण सिस्टिम ३२ बिटची टाकलेली आहे म्हणजे आतला प्रोसेसरही तसाच असेल, असं नाही. पूर्वी रॅम कमी असली की आम्ही सरसकट ३२ बिटच टाकायचो. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, 'एलएससीपीयू' ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत सलग लिहा आणि एंटर दाबा. सुरुवातीच्या दोन-तीन ओळींतच ३२ बिट आणि ६४ बिट असे दोन्ही उल्लेख दिसले, तर तो संगणक वाचला म्हणून समजा. आमच्या बारापैकी नऊ तसे निघाले. मुलांच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून घ्या आणि ६४ बिटचं डेबियन नव्याने टाका. जुन्यावरूनच अपग्रेड करायला जाऊ नका, मध्येच अडकाल. डेस्कटॉप निवडताना एक्सएफसीई घ्या, तो हलका आहे. जे संगणक खरोखरच ३२ बिटचे निघतील त्यांवर आहे ते राहू द्या आणि इंटरनेटची वायर काढून ठेवा. टायपिंग आणि चित्रं काढायला ते अजून काही वर्षं कामाला येतील.

आता वालीबद्दल. डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस, म्हणजे टाकायला तयार करून ठेवलेले प्रोग्रॅम, होती. प्रोसेसरची जात बदलली की हे सगळं नव्याने बांधावं लागतं, आणि जिथे मोडतं तिथे कोणीतरी बसून दुरुस्त करावं लागतं. ब्राउझरसारखे अगडबंब प्रोग्रॅम ३२ बिटवर बांधायला गेलं की ४ जीबी मेमरीची मर्यादा आडवी येते. रात्र-रात्र बसून त्यातून वाट काढणारी माणसं होती, ती कमी होत गेली. ३२ बिट थांबण्यामागे हे मोठं कारण आहे.

डेबियनला मालक नाही, हे त्या गृहस्थांचं म्हणणं खरं आहे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मरडॉक नावाच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. मैत्रीण डेब्रा आणि स्वतःचं इयन जोडून नाव ठेवलं. आज जगभरचे सुमारे हजार अधिकृत डेव्हलपर ते चालवतात आणि दरवर्षी मतदानाने प्रमुख निवडतात. प्रकल्पाला लिखित घटना आहे. तिच्यात सुरुवातीलाच म्हटलं आहे की प्रकल्पासाठी काम करण्याचं बंधन कोणावरही नाही. नेमून दिलेलं कामही नको असेल तर करू नये. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दचकले होते. आता वाटतं, एवढं स्वच्छ लिहून ठेवलं आहे म्हणूनच प्रकल्प तीस वर्षांहून जास्त टिकला.

आणि मालक असला की भरवसा आला, असंही नाही. सेंटओएस ही सिस्टिम कितीतरी सर्व्हरवर चालायची. रेड हॅट या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की तिची आठवी आवृत्ती २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीसच संपेल. लोकांनी वर्षभरात रॉकी लिनक्स आणि अल्मा लिनक्स उभं केलं. सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, खुला होता म्हणून ते शक्य झालं. समितीपुढे हे जरूर मांडा.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कुठल्याशा ओपन सोर्स सिस्टिमचं फुकट काम करतो. परवा तिकडून कोणीतरी खरमरीत उत्तर दिलं, तर दोन दिवस जेवला नाही. याचा पुढे नोकरीला उपयोग आहे का? — एक पालक, धायरी

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी त्याला जेवायला घाला आणि सांगा की असं उत्तर मलाही आलं होतं. तोडून बोलणं चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्या टोकाला कोण बसलेलं असतं ते तुम्हाला कळावं, म्हणून एक गोष्ट सांगते.

आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर रोज पहाटे पाचला एक काका चालू करायचे. अकरा वर्षं. टाकी भरली की बंद करायचे, कॉर्पोरेशनचं पाणी आलं नाही तर टँकरला फोन करायचे. ते लेकीकडे नाशिकला गेले त्या सकाळी ४८ घरांतल्या कोणालाही खालचा व्हॉल्व कुठल्या बाजूला फिरवायचा ते माहीत नव्हतं. आणि गेल्या अकरा वर्षांत त्यांच्या दारात लोक गेले ते फक्त 'आज पाणी कमी का आलं' हे विचारायला.

संगणकाच्या जगात असे काका जागोजागी आहेत. एक्सझेड हे फाइल आवळून लहान करणारं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते कितीतरी वर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये काही जण त्याच्या मागे लागले की कामं रखडली आहेत, दुसऱ्या कोणाच्या हाती दे. त्याने उघडपणे लिहिलं की मनाची तब्येत बरी नाही आणि हा बिनपगारी छंद आहे. जिया टॅन या नावाने कोणीतरी त्याआधीच मदतीला आलं होतं. दोन वर्षांहून जास्त काळ नीटस काम करून विश्वास मिळवला, हक्क मिळवले आणि २०२४ च्या सुरुवातीला त्या साधनात चोरदरवाजा बसवला. तो सगळीकडे पसरला असता, तर असंख्य सर्व्हर त्या माणसाला उघडे झाले असते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या 'अनस्टेबल' म्हणजे अजून घडत असलेल्या आवृत्तीवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळ्या जगाला सावध केलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

तेव्हापासून नव्या माणसाकडे सगळेच जरा निरखून बघतात. माणसं तर हवीच आहेत, पण विश्वास बसायला वेळ लागतो. या दोन गोष्टींच्या मध्ये तुमच्या मुलासारखी पोरं सापडतात. डेबियनमध्ये नव्या माणसाचं पॅकेज एखादा जुना डेव्हलपर तपासून चढवतो, आणि असा तपासणारा मिळायलाच महिने जातात. स्वतः डेव्हलपर व्हायचं तर सहसा आधीच्या डेव्हलपरांना प्रत्यक्ष भेटून आपल्या डिजिटल किल्लीवर त्यांच्या सह्या घ्याव्या लागतात.

मुलाला माझा निरोप द्या. नवं काही लिहून पाठवण्याआधी आवडीचं एक लहानसं पॅकेज धर आणि त्याच्या जुन्या तक्रारी वाच. चार वर्षांपूर्वीची तक्रार आजही येते का ते स्वतःच्या मशीनवर करून बघ आणि जे दिसेल ते जसंच्या तसं लिही. या कामाला कोणी हात लावत नाही, म्हणून ते करणाऱ्याचं नाव लोकांच्या लक्षात राहतं. आणि रात्री अकराला मशीन बंद कर. अपुऱ्या झोपेत पाठवलेला पॅच (दुरुस्तीचा तुकडा) दुसऱ्याची झोप घालवतो.

नोकरीचं म्हणाल तर त्याचं काम सगळ्यांना उघड दिसतं. मुलाखत घेणारे ते वाचू शकतात आणि वाचतातही. याहून जास्त आश्वासन मी देणार नाही.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. पाच हजार रुपये अशा प्रकल्पाला दिले तर सत्कारणी लागतील का? — एक वाचक, सहकारनगर

लागतील. सर्व्हर, वीज, प्रवास यांना पैसा लागतोच. जानेवारी २०१४ मध्ये ओपनबीएसडी या प्रकल्पाने वीजबिलाचे सुमारे वीस हजार डॉलर भरायला पैसे नाहीत म्हणून जाहीर हाक दिली होती, आणि लोकांनी ती भागवली. डेबियनच्या देणग्या सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही अमेरिकेतली ना-नफा संस्था सांभाळते. पण तुमच्या रकमेला मी दुसरी वाट सुचवेन. डेबियनची जागतिक परिषद २०२३ मध्ये आपल्याकडे कोचीला झाली. अशा ठिकाणी जायला गाडीभाडं नाही म्हणून घरी बसलेली मुलं मला माहीत आहेत. ओळखीतल्या एखाद्या विद्यार्थ्याचं तिकीट काढून द्या. वर म्हटलेल्या सह्या त्याला तिथे मिळतात.

प्रश्न : मी ३४ वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो. वय ७१. प्रोग्रॅमिंगचा गंधही नाही. माझा काही उपयोग होईल का? — नारायण पेठ

काका, तुमच्या पत्राची मी किती दिवस वाट बघत होते!

तुम्हाला 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक सांगायला नको. एका ठिकाणी गुरुजी, दुसऱ्या ठिकाणी स्वयंपाकी. संगणकात हा अर्धा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण 'दुसऱ्या' हा शब्द एका पद्धतीने शोधला तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला सापडत नाही. एका प्रोग्रॅमच्या मराठी मजकुरात दोन्ही मिसळले होते आणि काही जागी तर सरळ रफारच दिला होता. मी एकेक ओळ नीट करून पाठवली. ती तपासणारा भला माणूस दुसऱ्या खंडातला, त्याला देवनागरी येत नाही. त्याने विचारलं, "जुनी ओळ आणि नवी ओळ सारखीच दिसते, बदल काय केला?" समजावण्यात, चित्रं काढून पाठवण्यात आणि त्याच्या सवडीत चौदा महिने गेले. तो रागावला नाही, मीही नाही. पण तपासणीच्या बाजूला मराठी वाचणारा एकजण असता, तर हेच काम एका संध्याकाळचं होतं.

तो एकजण तुम्ही व्हा. मजकुराची फाइल मी मोठ्या टाइपात छापून आणते, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. पहिलीत ४१२ ओळी आहेत. तुम्ही नेहमीसारख्या समासात लाल शाईने खुणा करा, संगणकात मी उतरवते आणि तपासनीस म्हणून तुमचं नाव घालते. १७६ व्या ओळीवर मी स्वतः अडले आहे: 'काढून टाका' आणि 'पुसून टाका' हे दोन्ही एकाच इंग्रजी शब्दासाठी आलेत, आणि त्या बटणाने फाइल नुसती यादीतून जाते की कायमची, हे मराठीवरून कळत नाही. पत्ता संपादकांकडून घेते. शनिवारी चारला घरी असाल का?