बूटलोडरच्या टिपांत 'मोड' आणि 'पिच' यांना काय म्हणावे?

वाशीम जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या वाचकांचा प्रश्न असा आहे की, बूटलोडरच्या, म्हणजे संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ग्राफिक्स कोडमध्ये डिस्प्ले मोडसाठी ज्या रचना लिहाव्या लागतात त्यांवर मराठीत टिपा काढताना 'मोड'ला 'अवस्था' म्हणावे की 'पद्धती', आणि 'पिच'ला खेळपट्टीखेरीज दुसरा शब्द आहे काय.

'मोड' हा शब्द तसाच ठेवावा, असे माझे मत आहे. रुंदी, उंची, रंगांची मांडणी आणि ओळीची लांबी या गोष्टी एकत्र ठरवून दिलेला संच म्हणजे इथला मोड. 'अवस्था' किंवा 'पद्धती' म्हटल्याने यांतले काहीच कळत नाही. मात्र तो एकटा वापरू नये, कारण मूळ कोडनेच या एका शब्दावर फार ओझे टाकले आहे. यूईएफआय या आजच्या संगणकांतल्या फर्मवेअर-मानकाच्या ग्राफिक्स आउटपुट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे पडद्यावर चित्र काढण्याच्या सोयीत, 'मोड' नावाचा एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता दाखवणारा घटक) आहे. तो ज्या रचनेकडे नेतो तिच्यात पुन्हा 'मोड' याच नावाचा घटक असून त्यात चालू मोडचा क्रमांक असतो. आणि त्याच रचनेतला 'इन्फो' हा पॉइंटर ज्या तिसऱ्या रचनेकडे नेतो तिच्यात रुंदी, उंची व पिक्सेलची मांडणी सापडते. टिपांत या तिघांना अनुक्रमे 'मोडची सद्यस्थिती', 'मोड-क्रमांक' आणि 'मोडचा तपशील' म्हटले, तर मराठी वाचणारा विद्यार्थी मूळ नावे वाचणाऱ्यापेक्षा कमी गोंधळेल.

मोडच्या सद्यस्थितीच्या रचनेतील 'मॅक्समोड'चे 'कमाल मोड' असे भाषांतर मात्र कटाक्षाने टाळावे. त्यावरून तो सर्वांत मोठ्या रेझोल्यूशनचा मोड किंवा शेवटचा क्रमांक वाटतो, आणि प्रत्यक्षात ती नुसती संख्या आहे: ती 30 असेल तर वैध क्रमांक 0 ते 29 एवढेच. 'एकूण मोड' असे सरळ लिहावे.

यूईएफआयपूर्वीच्या बायॉस या फर्मवेअरसोबत वापरल्या जाणाऱ्या जुन्या व्हीबीई या ग्राफिक्स-पद्धतीत क्रमांकाचा अर्थही थोडा वेगळा आहे. तिथे बायॉस मोड-क्रमांकांची यादी देते, ती षोडशमान (16 पाया असलेल्या अंकपद्धतीतील) एफएफएफएफ या मूल्यावर संपते, आणि एकेका क्रमांकाचा तपशील 256 बाइटच्या रचनेत भरून मिळतो. षोडशमान 118 म्हणजे 1024×768 आणि 24 बिट रंग. हा यादीतला कितवा मोड आहे याच्याशी त्या 118 चा काही संबंध नाही. म्हणून 'अनुक्रमांक' हा शब्द व्हीबीईच्या प्रकरणात चालणार नाही, 'क्रमांक'च हवा.

आता 'पिच', म्हणजे मेमरीत एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर. पडद्यावर 1366 पिक्सेल दिसत असले, तरी मेमरीत एक ओळ 1376 पिक्सेलची असू शकते. हे जादा 10 पिक्सेल म्हणजे सातबाऱ्यावरचे पोटखराब क्षेत्र: मोजणीत धरलेले, पण पीक न देणारे. पुढच्या ओळीचा पत्ता काढताना ते धरावेच लागतात. एखाद्याने 1376 च्या जागी 1366 ने गुणले, तर त्याची उभी रेघ प्रत्येक ओळीला 10 पिक्सेल डावीकडे सरकते आणि शंभराव्या ओळीपर्यंत जवळजवळ 1000 पिक्सेल कलंडलेली असते. म्हणून मी 'ओळीची पूर्ण लांबी' असे सुचवतो. त्यातला 'पूर्ण' गाळू नये, आणि एकक सोबत लिहावेच, कारण व्हीबीई ही लांबी बाइटमध्ये सांगते तर यूईएफआय पिक्सेलमध्ये, आणि 32 बिट रंगात या दोन आकड्यांत चौपटीचा फरक पडतो.

'स्ट्रक्चर'ला 'रचना' पुरे; 'संरचना' लिहिल्याने अर्थात भर पडत नाही.

राहिला व्याकरणाचा मुद्दा. 'मोड' हा शब्द पुल्लिंगी ठेवावा: तो मोड, ते मोड. एकवचनी सामान्यरूपात 'आ' लावू नये, म्हणजे 'मोडचा तपशील', 'मोडमध्ये'. 'मोडाचा' म्हटले की मटकी आठवते. अनेकवचनात मात्र 'मोडांची यादी' हेच रूप बरोबर आहे, तिथे 'मोड्सची' करण्याची गरज नाही.