स्टोक गिफर्ड ब्रिस्टलमध्ये येते का?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराजवळच्या फिल्टनला नोकरी लागल्यामुळे आपण स्टोक गिफर्डमध्ये घर पाहत आहात, आणि पत्त्यात ब्रिस्टल असताना कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टीसारखा स्थानिक कर, दुसऱ्याच कौन्सिलला का भरायचा, असे आपण विचारले आहे. पत्त्यातले ब्रिस्टल ही केवळ टपालाची सोय आहे. शहराची हद्द त्याआधीच संपते आणि हा भाग १९९६ साली अस्तित्वात आलेल्या साउथ ग्लॉस्टरशर कौन्सिलकडे येतो. त्यामुळे कचरा, रस्ते, बांधकामाची परवानगी आणि मुलांच्या शाळाप्रवेशाचा अर्ज हे सारे तिच्याकडेच असते.

टॅक्सचे बिल आले की त्यातल्या ओळी नीट वाचा. मोठा वाटा साउथ ग्लॉस्टरशरचा, त्याखाली पोलीस आणि अग्निशमन दल, आणि शेवटी एक लहानशी रक्कम स्टोक गिफर्ड पॅरिश कौन्सिलची. ही आपल्या ग्रामपंचायतीसारखी निवडून आलेली संस्था आहे; पॅरिश हा शब्द मूळचा चर्चच्या हद्दीचा असला, तरी १८९४ च्या कायद्यापासून या संस्थेचा चर्चशी संबंध नाही. खुद्द ब्रिस्टल शहरात हा स्तरच नाही.

अधिकार थोडे असले, तरी तिला किरकोळ समजू नये. लिटल स्टोक पार्कमध्ये दर शनिवारी पार्करन नावाची ५ किलोमीटरची मोफत सामूहिक धाव होत असे. वाटांची झीज आणि देखभालीचा खर्च पुढे करून या कौन्सिलने एप्रिल २०१६ मध्ये त्यासाठी पैसे मागण्याचा ठराव केला. कुणाकडूनही शुल्क घ्यायचे नाही हे संयोजकांचे तत्त्व असल्याने त्यांनी तिथली धाव बंद केली, आणि एवढ्याशा पॅरिशचे नाव देशभर गाजले. मला तो निर्णय पटला नाही. पण देखभाल रहिवाशांच्या पैशातून होते आणि धावणारे मात्र बाहेरूनही येतात, ही तक्रार अगदीच पोकळ नव्हती.

जागेचे म्हणाल, तर १९७२ साली सुरू झालेले ब्रिस्टल पार्कवे स्थानक याच पॅरिशमध्ये आहे आणि लंडनला थेट गाड्या आहेत. मात्र शेजारच्या हॅरी स्टोकमध्ये मोठी घरबांधणी होत असल्याने, घर पक्के करण्यापूर्वी आसपासच्या जमिनींसाठी कोणते अर्ज आले आहेत ते साउथ ग्लॉस्टरशरच्या संकेतस्थळावर अवश्य पाहावे. पॅरिश अशा अर्जांवर मत देते, निर्णय देत नाही.

राहायला गेल्यावर मतदारयादीत नाव नोंदवा. भारत राष्ट्रकुलात असल्याने, वैध व्हिसा असलेल्या भारतीय नागरिकाला तिथे मतदान करता येते, अगदी पॅरिशच्या निवडणुकीतही.