टँकरमागचा 'इन्फ्लेमेबल'

निपाणीहून एका वाचकांनी विचारलं आहे : "हायवेवर पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. 'इन' म्हणजे नाही, जसं 'इनकरेक्ट'. मग याचा अर्थ 'मुळीच पेट न घेणारा' असा व्हायला नको का? थिनरच्या डब्यावर नुसतं 'फ्लेमेबल' असतं, ते वेगळं का? मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. तिचं 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड'वरही अडलंय."

टँकर आणि डबा, दोघांपासून काडेपेटी सारखीच लांब ठेवा. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारं. पेट न घेणाऱ्याला 'नॉनफ्लेमेबल' म्हणतात.

घोटाळा होतो तो लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत म्हणून. एक नकाराचा. तो आपल्या 'अ' आणि 'अन्'चा सख्खा भाऊ. अन्यायातला 'अ', अनादरातला 'अन्', आणि 'इनकरेक्ट'मधला 'इन', तिघांचं मूळ घराणं एकच. 'इम्पॉसिबल', 'इल्लीगल', 'इर्रेग्युलर' यांतही तोच आहे, पुढच्या अक्षराप्रमाणे नुसता चेहरा बदलतो. दुसरा 'इन' म्हणजे 'आत'. 'इन्फ्लामारे' हे लॅटिन क्रियापद या दुसऱ्या 'इन'चं. 'फ्लाम्मा' म्हणजे ज्वाळा, आणि क्रियापदाचा अर्थ पेटवणे. गुडघा सुजून लाल झाला की डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात, तेही यातूनच आलं. तिथे 'गुडघ्याला आग नाही' असा अर्थ कुणी काढत नाही, ज्याचा ठणकतोय तो तर नाहीच.

'इन्फ्लेमेबल' हाच जुना शब्द. 'फ्लेमेबल' १९व्या शतकाच्या सुरुवातीला आला आणि बराच काळ कोपऱ्यात पडून होता. तुम्हाला पडला तोच प्रश्न लोकांना पडून कुणी भाजेल, या धास्तीने अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मंडळींनी २०व्या शतकात 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला आणि तो रूढ झाला. आपल्याकडच्या टँकरांवर जुनाच राहिला. माझं मत विचाराल तर पाटीवर 'फ्लेमेबल'च हवं. टँकरमागे व्युत्पत्तीचा तास घ्यायचा नसतो.

जाता जाता एक सीमाभागातली गंमत. कन्नडात नकार शेपटाला लागतो. 'गोत्तिल्ला', म्हणजे 'माहीत नाही', बेळगावात कुणाला कळत नाही? पण 'अन्याय' आणि 'अमूल्य' कन्नडातही जसेच्या तसे आहेत, त्यामुळे नकाराचा 'अ' पुढून लागतो हे दोन्ही माध्यमांच्या पोरांना ठाऊक असतं.

हे 'अमूल्य' लक्षात ठेवा, कारण 'इनव्हॅल्युएबल' हाच पुढचा खड्डा आहे. इथला 'इन' मात्र खरोखर नकाराचा, तरीही अर्थ 'किंमत नसलेला' असा नाही. किंमत करताच येत नाही, इतका मोलाचा. लग्नपत्रिकेत आपण 'अमूल्य वेळ काढून' लिहितो, तेव्हा पाहुण्यांचा वेळ फुकटचा आहे असं थोडंच म्हणतो! 'प्राइसलेस'ची तीच तऱ्हा. 'वर्थलेस' मात्र सरळसरळ कवडीमोल. आणि 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. नाव सगळ्यांना माहीत असतं, तीच तर त्याची अडचण.

'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' तुम्ही विचारलेलं नाही, पण परीक्षेत हमखास येतं. १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन 'हिस्टॉरिक', कारण गांधीजी अध्यक्ष असलेलं तेवढं एकच. त्या काळच्या पाणीपुरवठ्याची कागदपत्रं 'हिस्टॉरिकल', म्हणजे इतिहासाशी संबंधित, मग ती महत्त्वाची असोत वा नसोत. ही वाटणी नंतर रुळली. आधी दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी चालत.

आता 'इंटरेस्ट'. मूळ लॅटिन 'इंतेर-एस्से', मध्ये असणे. 'इंतेर' हा आपल्या 'अंतर्'चा भाऊबंद, आणि 'एस्से'चं नातं 'अस्ति'शी. एखाद्या गोष्टीत तुम्ही 'मध्ये' असलात की तुमचा हितसंबंध आला. बँकेचं व्याज त्यातूनच फुटलं आणि मनाची आवडही.

खानापूरकडे शेताच्या बांधावरून तंटा झालाय आणि पंच बसलेत असं धरा. त्यांतला एक मोबाइलवर रील्स बघतोय, तो 'अनइंटरेस्टेड'. दुसऱ्याची ना शेजारी जमीन, ना दोन्हीकडे भावकी, ना कुणाकडून येणं. तो कान देऊन ऐकतोय. हा 'डिसइंटरेस्टेड', म्हणजे तटस्थ. निवाडा या दुसऱ्याकडून घ्यावा.

इतिहास बघायला गेलं तर इथेही घोळच आहे. १७व्या शतकात 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द 'रस नसलेला' या अर्थानेही लिहिलेला सापडतो, आणि 'अनइंटरेस्टेड' त्याच शतकात 'निःपक्षपाती' या अर्थाने. पुढे दोघांनी जागा बदलल्या. आज इंग्रजी बोलणारे पुष्कळ लोक 'कंटाळलेला' म्हणून पुन्हा 'डिसइंटरेस्टेड' वापरतात. त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी मुलीने पेपरात तटस्थतेसाठीच 'डिसइंटरेस्टेड' लिहावं, कारण तपासणारे हा भेद धरून बसलेले असतात. एरवी अर्जात वा पत्रात गैरसमजाची शंका आली, तर सरळ 'इम्पार्शल' लिहून मोकळं व्हावं.