15चा कार्बोरेटर 9.9ला चालेल का?

प्रश्न : फायबरची छोटी होडी आहे, मागे 9.9 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. पावसाळाभर मशीन पडवीत उभं होतं, नारळी पौर्णिमेला काढलं तर चोक ओढला की चालतं, आत ढकलला की मरतं. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर गेला. नवा ओरिजिनल महाग आहे, ऑनलाइन कॉपी पाव किमतीत मिळते आणि चुलतभावाकडे 15 एचपीचा पडलाय, तो बसतो म्हणे. कुठला लावू?
– एक वाचक, देवगड

उत्तर : भाऊ, आधी खिशात हात घालू नका. चोकवर चालतं म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय, एवढंच. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना बघा, मग मशीन चालू असताना नळीवरचा रबरी बल्ब दाबत राहा, त्याने सुधारलं तर दोष पंप, फिल्टर नाहीतर नळीत आहे, कार्बोरेटरला उगाच शिव्या. नाही सुधारलं तर कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी खोला. दोन-तीन महिने पेट्रोल आत राहिलं की उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर उरतो, तोच जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या, भोकात बसतो. क्लीनर मारा आणि तंगूसाचा (नायलॉनचा) बारीक धागा फिरवा, तार अजिबात नको, पितळेचं भोक मोठं होतं.

वाटीत पांढरी पूड धरून अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडले असतील किंवा थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवल्यावर खडखडत असेल तर मात्र बदलाच, तिथून हवा खेचली जाते.

आता 15चा. बऱ्याच कंपन्यांत 9.9 आणि 15चा ब्लॉक एकच असतो, म्हणून बोल्ट बसतात, पण आतला गळा (हवा जाते ती अरुंद वाट) आणि जेट वेगळे. नुसता कार्बोरेटर बदलून हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडायची भीती, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं हो, पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी, मग पिस्टन जाम, तेही भर समुद्रात. केरोसीन मॉडेलचा कुणी दिला तरी नको, त्याचे जेट वेगळे.

घ्यायचाच तर मशीन होडीला अडकवतात त्या ब्रॅकेटवरच्या प्लेटवरचा मॉडेल कोड आणि जुन्या बॉडीवर ठोकलेला नंबर, दोन्ही दुकानदाराला पाठवा, नुसतं "9.9चा द्या" म्हणू नका. माझं मत विचाराल तर ओरिजिनल. कॉपी घ्यायचीच असेल तर गळा व्हर्नियरने मोजा, बोल्टांमधलं अंतर, नळीचं तोंड आणि चोकची कडी कुठल्या बाजूला येते ते जुन्याशी ताडून बघा, जेटवरचे आकडे जुळवा, आटे बसत असतील तर जुने जेट साफ करून त्यातच घाला. गॅस्केट मात्र नवीनच.

लावल्यावर पाण्याशिवाय चालवू नका, गार पाणी खेचणारा रबरी इम्पेलर जळतो. खाडीत थोडा वेळ फुल थ्रॉटलवर पळवा, तिथेच बंद करून प्लग काढा. टोक चॉकलेटी असेल तर बिनधास्त जा, पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी पडतंय, तसंच बंदरात परत या.