एचआयव्हीच्या गोळ्या मध्येच का सुटतात?

आपण विचारले आहे की, इतकी वर्षे नियमित एआरटी (एचआयव्हीला आवरणारी रोजची औषधे) घेणारा आपला भाऊ अलीकडे अधूनमधून गोळ्या चुकवू लागला आहे, आजाराची पूर्ण माहिती असूनही तो असे का करतो, आणि याला बेफिकिरी म्हणावे का. रुग्णांच्या समुपदेशनात बराच काळ घालवल्यानंतर माझे मत असे आहे की, माहितीचा अभाव हे कारण उपचारांच्या सुरुवातीला खरे असते. पुढे औषध सुटते ते बहुधा परिस्थितीमुळे, आणि त्या परिस्थितीत मोठा वाटा लपवाछपवीचा असतो.

ज्याने आपला आजार घरात किंवा कामाच्या ठिकाणी सांगितलेला नाही, त्याला रोजच्या गोळीसाठी एकांत शोधावा लागतो. पाहुणे मुक्कामाला आले, खोलीत आणखी कोणी राहू लागले किंवा सहकाऱ्यांबरोबर प्रवासाला जावे लागले, की तो एकांत संपतो. डबीवरचे लेबल खरवडून काढणे, खिशात एकच सुटी गोळी कागदात बांधून नेणे, ओळखीचे कोणी दिसेल या भीतीने जवळचे उपचार केंद्र सोडून लांबच्या केंद्रात नाव नोंदवणे, हे सारे माणसे करतात. आणि मग त्या लांबच्या केंद्रासाठी रजा व प्रवासखर्च यांची तजवीज न झाल्याने महिन्याच्या गोळ्या आणायच्याच राहून जातात. विचारल्यावर मात्र "विसरलो" एवढेच उत्तर मिळते, कारण त्यावर पुढचा प्रश्न येत नाही. चुकलेल्या डोसच्या कारणांत विसरण्याचे प्रमाण नेहमी मोठे दिसते, त्याकडे मी म्हणूनच थोड्या संशयाने पाहतो.

दुसरे मोठे कारण म्हणजे नैराश्य. ते बाहेरून आळसासारखे दिसते आणि म्हणून ओळखले जात नाही. मद्यपानाचा परिणाम तर दोन वाटांनी होतो: नशेत गोळी राहते हे उघडच आहे, पण अनेक जण दारू आणि औषध एकत्र घेणे घातक असते असे ऐकून, प्यायलेल्या दिवशी गोळी जाणूनबुजून टाळतात. एचआयव्हीच्या औषधांच्या बाबतीत हे टाळणेच बहुतेकदा अधिक नुकसान करते. दारू सोडल्याशिवाय गोळ्यांना हात लावू नका, असा दम देणारे सल्लागार या समजुतीला नकळत बळ देतात.

औषधांचे दुष्परिणामही लक्षात घ्यावेत. एफाविरेन्झमुळे चक्कर आणि विचित्र स्वप्ने, स्टॅव्हुडीनमुळे गालांवरची चरबी झडणे अशा त्रासांनी पूर्वी पुष्कळांनी औषध सोडले. चेहऱ्यातील बदलामुळे तर आजार लोकांच्या लक्षात येण्याची धास्ती वाटे. आजची औषधे सौम्य आहेत, तरी झोप बिघडणे किंवा वजन वाढणे अशी तक्रार असेल तर ती हसण्यावारी नेऊ नये.

उलट, काही जण प्रकृती उत्तम वाटते म्हणून थांबतात. सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) वाढल्यावर औषध थांबवून त्या घटल्यावर पुन्हा सुरू करण्याची पद्धत 'स्मार्ट' या मोठ्या चाचणीत तपासली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, औषध थांबवणाऱ्या गटात गंभीर आजार आणि मृत्यू दोन्ही अधिक आढळले.

९५ टक्के डोस घेतलेच पाहिजेत, हा आकडा आपण ऐकला असेल. तो २००० सालच्या एका अभ्यासातून रूढ झाला आणि त्या वेळच्या प्रोटीएज इन्हिबिटर या गटातील एचआयव्ही औषधांशी निगडित होता. डोल्युटेग्रॅव्हिर या नव्या औषधावर आधारित उपचार, ज्यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पहिल्या फळीत, म्हणजे सुरुवातीच्या उपचारांसाठी, पसंती दिली, एखाद्या चुकलेल्या डोसने सहसा कोलमडत नाहीत, कारण त्या औषधाला विषाणू सहजासहजी दाद देईनासा होत नाही. पण दिवसेंदिवस खंड पडणे ही वेगळी गोष्ट आहे. एक डोस चुकला म्हणजे सारे बिघडले, असे समजून आठवडाभर औषध सोडणारे मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी ९५ चा धाक उलटाच ठरला.

केंद्रातील वागणूक हा विषय थोडक्यात सांगतो. उशिरा आल्याबद्दल सर्वांसमोर बोलणी खाल्लेला रुग्ण पुढच्या वेळी येतच नाही, तर एकाच वेळी तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या मिळाल्यास त्याच्या अडचणी पुष्कळ कमी होतात.

भावाशी बोलताना "का घेत नाहीस?" असे विचारू नये. शेवटची गोळी कोणत्या दिवशी चुकली, तेव्हा तो कुठे होता आणि जवळ कोण होते, एवढेच शांतपणे विचारावे. अलीकडे घर, नोकरी, सोबत किंवा कामाची पाळी बदलली आहे का, तेही पाहावे. उत्तरात एकांताची अडचण निघाली तर गोळीची वेळ बदलता येते. रोज एकदा घ्यायची गोळी रात्रीऐवजी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. चुकलेली गोळी आठवताच घ्यावी, दोन डोस एकदम घेऊ नयेत. अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधे, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या नव्याने सुरू झाल्या असतील तर तेही सांगावे, कारण त्यांच्यामुळे डोल्युटेग्रॅव्हिरचे शोषण घटते. त्याला हेपॅटायटिस बी असेल तर टेनोफोव्हिर (एआरटीतील एक औषध, जे हेपॅटायटिस बीलाही आवरते) अचानक बंद झाल्याने यकृताचा आजार उसळू शकतो, म्हणून खंड दीर्घ असल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्रात जाऊन तसे सांगावे आणि व्हायरल लोडची (रक्तातील एचआयव्ही विषाणूंच्या प्रमाणाची) तपासणीही करून घ्यावी.